आबूचे तळे आणि अनुपमेचे माहेर



मागच्या लेखाखाली दोघी-तिघींनी विचारले होते की आबूला गेलात तर फक्त देलवाड्याबद्दल लिहू नका, नक्की तलावाबद्दलही लिहा. खरे सांगू? पहिल्या खेपेला मी नक्की तलाव नीट पाहिलाच नव्हता. संघाच्या बसने गेलो होतो. दर्शन, पूजा, मग तळ्यावर अर्धा तास आणि चौविहाराच्या आत जेवण उरकायची घाई. तेव्हा सासूबाई बरोबर होत्या, थोरल्या जाऊबाई होत्या आणि मुले लहान होती. तळे म्हटले की मुले पाण्यात पडतील एवढीच काळजी. या वेळी मात्र दोन्ही सुनांबरोबर गेले आणि सकाळी पायऱ्यांवर दीड तास बसले. त्यातून हा लेख निघाला. थोडा लांबला आहे, पण दुपारी निवांत वाचा.

तळे तसे लहानच आहे. जुन्या इंग्रजी नोंदींत लांबी साधारण अर्धा मैल, रुंदी पाव मैल आणि पश्चिमेकडच्या बांधाजवळ खोली वीस-तीस फूट अशी मापे दिलेली आहेत. आपल्याकडच्या धरणांपुढे ते काहीच नाही. पण हे पाणी सुमारे १२०० मीटर उंचीवर आहे आणि तेही राजस्थानात. आबू रोड स्टेशनवर उतरले की धूळ आणि उन्हाच्या झळा असतात. तिथून २८ किलोमीटरचा घाट चढला की खजुरीची झाडे, रानआंबे, करवंदांच्या जाळ्या आणि मधोमध पाणी. अरवलीच्या मुख्य रांगेपासून हा डोंगर सुटा पडलेला आहे, त्यामुळे पावसाळी ढग त्याला अडतात आणि खालच्या मैदानापेक्षा इथे कितीतरी जास्त पाऊस पडतो. याच डोंगरावरचे गुरुशिखर १७२२ मीटर, अख्ख्या अरवलीत सर्वांत उंच. काठावरचे खडक ग्रॅनाइटचे. ऊन, वारा आणि पाण्याने झिजून त्यांना चित्रविचित्र आकार आले आहेत. एक तर हुबेहूब पाण्यात उडी मारायच्या बेतात बसलेला बेडूक. त्याला टोड रॉकच म्हणतात.

नक्की हे नाव नखावरून आले, असे तिथे कोणीही सांगेल. देवांनी राक्षसापासून लपायला नखांनी जमीन उकरली, ही एक कथा. दुसरी रसिया बालमची. राजाने अट घातली की एका रात्रीत तळे खणशील तर मुलगी देईन. त्याने नखांनी तळे खणले, पण कोंबडा अवेळी आरवला आणि लग्न मोडले. ते कोंबड्याचे आरवणे मुलीच्या आईचे कारस्थान होते म्हणतात. (मैत्रिणींनो, बघा, कोणत्याही कथेत लग्न मोडले की खापर बाईच्या माथी!) मला कथा आवडतात, पण मी कॉमर्सची पदवीधर. जमाखर्च जुळला नाही की मन खाते. पश्चिमेला बांध दिसतो, म्हणजे पाणी अडवायला कोणाचे तरी हात राबले होते एवढे नक्की.

आपल्या दृष्टीने तळ्याची सगळ्यात मोलाची नोंद एका इंग्रजाची आहे. कर्नल जेम्स टॉड हा राजपुतान्यातला कंपनी सरकारचा अधिकारी. नोकरी सोडून मायदेशी परतताना जून १८२२ मध्ये तो आबूवर चढला आणि पुढे मुंबईहून जहाजाने गेला. त्याचे प्रवासाचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १८३९ मध्ये छापले गेले. नक्की तलावाबद्दल तो लिहितो की ऱ्हाइन नदीजवळच्या एका तळ्याची आठवण यावी असे हे तळे आहे, काठापर्यंत झाडी उतरली आहे आणि पाणपक्षी माणसाला न भिता पाण्यावरून उडतात, कारण या डोंगरावर शिकाऱ्याची बंदूक नाही आणि कोळ्याचे जाळेही नाही. जीव मारायचा नाही हा इथला सर्वांत मोठा कायदा आहे, असेही त्याने नोंदवले आहे. कोणी गुरुमहाराज सांगत नाहीत हे, शिकारीच्या हौसेसाठी प्रसिद्ध असलेल्या जमातीतला एक परदेशी माणूस सांगतो आहे. आपण पंधरा कर्मादाने म्हणतो, त्यांत तळी-सरोवरे आटवण्याचा धंदाही वर्ज्य सांगितला आहे. पाण्यात केवढे जीव असतात हे आपल्याला लहानपणीच, पाणी गाळायच्या फडक्यापाशी, कळलेले असते. त्या पक्ष्यांना माणसाची भीती वाटत नव्हती, हे वाचून मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले.

टॉडचे ते पुस्तक एका बाईला अर्पण केलेले आहे, हेही सांगते. श्रीमती हंटर ब्लेअर. ती आबूवर जाऊन मंदिरांची चित्रे काढून आली होती आणि तिचीच चित्रे पुस्तकात आहेत. त्या काळात डोंगर चढून जायचे आणि संगमरवराच्या नक्षीपुढे वही घेऊन बसायचे!

आता तळ्यापासून दोन-अडीच किलोमीटरवरच्या देलवाड्याकडे वळू. मंदिरांची वर्णने तुम्ही खूप वाचली असतील. बाहेरून साधी, आत गेले की डोळे दिपतात, छताला लटकणारे संगमरवरी कमळ वगैरे. ते सगळे खरे आहे, पण मी पुन्हा लिहीत नाही. मला हिशेबाचे सांगायचे आहे.

पहिले मंदिर विमलवसही, मूळनायक आदिनाथ. विमलशाह हा गुजरातच्या सोळंकी राजा पहिल्या भीमदेवाचा दंडनायक. वि. सं. १०८८ म्हणजे इ. स. १०३१ मध्ये त्याने ते बांधले. कथा अशी की जागेच्या मालकांनी जेवढी जमीन तेवढी सोन्याची नाणी अंथरून मागितली. गोल नाण्यांमध्ये फट राहते, ती फसवणूक होईल म्हणून विमलने चौकोनी नाणी पाडून घेतली. दुसरी कथा त्याच्या पत्नीची, श्रीदेवीची. मूलबाळ नव्हते. अंबिकामाता प्रसन्न झाली आणि म्हणाली, पुत्र किंवा मंदिर, एकच मिळेल. पुढे एका विहिरीवर पाणी प्यायला गेले तर तिथे एक जण पाण्याचे पैसे मागत होता, का तर विहीर त्याच्या आजोबांनी बांधली होती. ते पाहून नवरा-बायकोने मंदिर मागितले. ही कथा मी नातेवाइकांच्या वाटण्यांच्या भांडणात दोन वेळा सांगितली आहे. उपयोग झाला नाही, ते सोडा.

दुसरे मंदिर लूणवसही, मूळनायक नेमिनाथ. वि. सं. १२८७, बरोबर १९९ वर्षांनी. बांधणारा तेजपाल, म्हणजे धोळक्याच्या वाघेला वीरधवलाच्या दरबारातले प्रसिद्ध मंत्री बंधू वस्तुपाल-तेजपाल यांतला धाकटा. शिल्पकार शोभनदेव. लोक सांगतात की विमलवसहीला १८ कोटी ५३ लाख लागले आणि लूणवसहीला १२ कोटी ५३ लाख. दोन्ही आकड्यांच्या शेवटी ५३ लाख! माझ्या कॉलेजच्या अकाउंट्सच्या सरांनी अशी ताळेबंदाची वही परत फेकली असती. पण दगडाचा खर्च किती असेल ते बघूनच कळते. डोंगर ग्रॅनाइटचा, संगमरवर इथला नाहीच. तो अंबाजीजवळच्या आरासूरच्या टेकड्यांतून आणला. आज जो घाट चढताना आपल्याला गाडीत मळमळते, तो चढ तेव्हा रस्ता नसताना दगड घेऊन चढले.

इथे अनुपमादेवी येते. ही तेजपालची पत्नी. प्रबंधांमध्ये तिच्याबद्दल दोन गोष्टी येतात. दोघे भाऊ आपले धन पुरायला गेले, तर खड्ड्यात उलट आणखी धन सापडले. आता हे कुठे ठेवायचे? अनुपमा म्हणाली, सगळ्यांना दिसेल पण कोणाला चोरता येणार नाही अशा जागी ठेवा, डोंगराच्या माथ्यावर. दुसरी गोष्ट बांधकामाची. काम फार हळू चालले होते, तेजपाल त्रासला होता. अनुपमेने कारागिरांची अडचण काय आहे ते समजून घेतले. वर थंडी कडाक्याची (आजही जानेवारीत नक्कीवरच्या नावांमध्ये साचलेले पाणी गोठते), त्यात दिवसभर काम करून आपला स्वयंपाक आपणच करायचा, हात कसे चालणार? तिने सांगितले की दिवसपाळीची आणि रात्रपाळीची माणसे वेगळी करा आणि जेवण आयते मिळू द्या. काम भराभर पुढे सरकले. गोष्ट ऐकून पुरुषमंडळी तिच्या धर्मभक्तीचे कौतुक करतात. मला मात्र त्यात स्वयंपाकघर ओळखणारी बाई दिसते. माणसाचा हात का चालत नाही हे चुलीपाशी उभी राहणारीला आधी कळते.

आणि आता मला या वेळी नव्याने कळलेली गोष्ट. लूणवसहीतल्या शिलालेखात अनुपमेच्या माहेरचा उल्लेख आहे. ती चंद्रावतीच्या धरणिगाची मुलगी. चंद्रावती म्हणजे आबूच्या पायथ्याची परमार राजांची राजधानी, आजच्या आबू रोडजवळ. मैत्रिणींनो, आबू हे अनुपमेचे माहेर होते! लहानपणापासून अंगणातून हा डोंगर तिला दिसत असणार. डोंगराच्या माथ्यावर ठेवा म्हणताना तिच्या डोळ्यांपुढे कोणता डोंगर होता हे आता वेगळे सांगायला नको. पुढे मंदिराची देखभाल कोणी करायची हेही शिलालेखात लिहून ठेवले आहे. त्यात वस्तुपाल-तेजपालांच्या घराण्याबरोबर अनुपमेच्या माहेरच्या मंडळींचीही नावे आहेत, तिच्या भावांची. सासरच्या पैशाचे मंदिर आणि विश्वस्तांत माहेर! आठशे वर्षांपूर्वीचे आहे हे, आणि दगडात कोरलेले.

त्याच लेखात वर्षगाठीच्या आठ दिवसांच्या उत्सवाची व्यवस्था आहे. पहिला दिवस चंद्रावतीच्या श्रावकांचा, मग पुढचे दिवस आजूबाजूच्या गावांना वाटून दिलेले. आपल्या पर्युषणात नवकारशीच्या आणि स्वामीवात्सल्याच्या पाळ्या ठरतात ना, अगदी तसेच. परमार राजाने पूजेसाठी एक गावही लावून दिले होते. चंद्रावती पुढे उजाड झाली. तिच्या देवळांचे कोरीव दगड लोकांनी नेले, आणि एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तेव्हा रुळांच्या कामालाही गेले. आपण आबू रोडला ज्या गाडीने उतरतो तिच्याखाली अनुपमेच्या माहेरचा एखादा दगड असेलही.

आता देराणी-जेठाणीच्या कोनाड्यांचे सांगते, कारण माझा हिशेब तिथे चुकला होता.

लूणवसहीत गाभाऱ्याकडे जाताना दाराच्या दोन्ही बाजूंना अतिशय बारीक नक्षीचे दोन गोखले आहेत. तिथे गेलेल्या प्रत्येकीला माहीत आहे की हे वस्तुपाल आणि तेजपाल यांच्या बायकांनी एकमेकींशी चढाओढ करून बांधवले, प्रत्येकी नऊ लाख खर्चून. पहिल्या खेपेला आमच्या वाटाड्याने हेच सांगितले आणि वर विचारले, "सांगा, कुठला भारी? थोरलीचा की धाकटीचा?" सगळी बस हसली. सासूबाई म्हणाल्या, "तेजपालाच्या घरीसुद्धा हेच, मग आमच्या घरी काय नवल!" मी धाकटी. मीही हसले. जाऊबाई हसल्या नाहीत. बाहेर आल्यावर चपला घालताना एवढेच म्हणाल्या, "अगं, ही गोष्ट कुणी पुरुषाने रचली असणार. दोघी मिळून बसल्या असत्या तर नक्षीच बघत बसल्या असत्या."

ते वाक्य मी घरी विनोद म्हणून सांगितले. पुढे वर्षानुवर्षे दिवाळीला दोघींनी वेगवेगळ्या करंज्या केल्या की कोणीतरी म्हणायचेच, "गोखले तयार झाले का?" त्यात थोडी गंमत होती आणि थोडे टोचायचेही. साड्या, मुलांचे मार्क, सोने, सगळ्यात ते दोन गोखले यायचे. मी कधी थांबवले नाही.

दोन्ही गोखल्यांवर लेख कोरलेले आहेत. ते छापून येऊनही शंभराहून जास्त वर्षे झाली. त्यांत लिहिले आहे की वि. सं. १२९७ मध्ये तेजपालाने हे आपल्या दुसऱ्या पत्नीच्या, सुहडादेवीच्या श्रेयार्थ करवले. दोन्ही गोखले एकीच्याच नावाचे! सुहडादेवी पाटणच्या मोढ घराण्यातली, आणि तिच्या आईचे नावही लेखात आहे, संतोषा. चढाओढ नाही, नऊ लाख नाहीत आणि जावाही नाहीत. मंदिर झाल्यावर दहा वर्षांनी एका बाईच्या नावाने दोन कोनाडे बसवले आणि लोकांनी तिचे नाव विसरून तिथे दोन भांडखोर जावा उभ्या केल्या.

खऱ्या जावा कोण होत्या? वस्तुपालाची ललितादेवी आणि तेजपालाची अनुपमादेवी. त्यांच्या भांडणाचे मी कुठे वाचले नाही. वाचले ते असे की शत्रुंजयाच्या पायथ्याशी वस्तुपालाने ललितेच्या नावाने ललितासर बांधवले आणि वर डोंगरावर अनुपमेच्या नावाने अनुपमासर झाले. यात्रेकरूंना पाणी मिळावे म्हणून. दोघींच्या नावाची दोन तळी! आणि लूणवसहीतच मागे हस्तिशाळेत दोघी आपापल्या नवऱ्याशेजारी उभ्या आहेत, हात जोडून. तिकडे फारसे कोणी जात नाही, सगळी गर्दी गोखल्यांपाशी.

जाऊबाई जाऊन सहा वर्षे झाली. हे मला या वर्षी कळले.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगते. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला दोन्ही मंदिरांची मोडतोड झाली आणि वि. सं. १३७८ च्या सुमारास श्रावकांनी जीर्णोद्धार केला. नंतर बांधलेल्या भागातली नक्षी जुन्या नक्षीच्या मानाने साधी आहे, नीट पाहिले तर फरक कळतो. मग एक लेख वि. सं. १५०६ चा, मेवाडच्या राणा कुंभाचा. आबूच्या यात्रेकरूंकडून जे कर घेत ते त्याने माफ केले. करांची नावे वाचताना मला आमची जीएसटीची पावती आठवली : दाण म्हणजे जकात, मुंडिक म्हणजे डोईपट्टी, वलावी म्हणजे वाटेत सोबत देण्याचे पैसे, रखवाली म्हणजे राखणीचे, शिवाय घोड्यांवर आणि ओझ्याच्या बैलांवर वेगळे. इतके सगळे भरून आपल्या आज्या-पणज्या वर चढत होत्या, तेही बैलगाडी खाली सोडून पायी.

१८४५ मध्ये सिरोहीचे राव शिवसिंह यांनी आजारी इंग्रज सैनिकांच्या आरोग्यधामासाठी डोंगरावर जागा दिली. अटींत मुख्य अट, डोंगरावर गोहत्या होता कामा नये. राजपुतान्याचा गव्हर्नर जनरलचा एजंट मग उन्हाळ्यात इथूनच कारभार बघू लागला, तळ्याभोवती बंगले आले आणि १९१७ मध्ये इंग्रजांनी आबू कायमच्या भाडेपट्ट्याने घेतले. स्वातंत्र्यानंतर गंमत झाली. १९५० मध्ये सिरोही संस्थानाचे दोन तुकडे झाले आणि आबू मुंबई राज्यात आले! १ नोव्हेंबर १९५६ ला ते राजस्थानला परत मिळाले. म्हणजे सहा वर्षांहून जास्त काळ नक्की तलाव आणि आपले पुणे, नाशिक एकाच राज्यात होते. त्याआधी, १२ फेब्रुवारी १९४८ ला, गांधीजींच्या अस्थी या तळ्यात विसर्जित झाल्या. काठावरचा गांधी घाट त्याच आठवणीचा.

त्या सकाळी आम्ही तिघी घाटाजवळच्या पायऱ्यांवर बसलो होतो. धाकटी सून फोनवर तळ्याचे फोटो काढत होती आणि थोरली खाली विकत घेतलेल्या करवंदांतली पिकलेली निवडत होती. नावांचे पॅडल सुरू व्हायला अजून वेळ होता. धाकटीने विचारले, "आई, आज देलवाड्यात ते तुमचे देराणी-जेठाणीचे गोखले दाखवणार ना? कुठला कोणाचा?"

मी म्हटले, "दोन्ही सुहडाचे."

"ही कोण?"

मी सांगायला सुरुवात केली. संतोषाची मुलगी, पाटणची. मग अनुपमा, तिचे भाऊ, दोघी जावांची तळी. मध्येच थोरलीने करवंदांचा द्रोण धाकटीच्या हातात दिला आणि म्हणाली, "अर्धे मलाही ठेव हं." बारा वाजता मंदिर सगळ्यांसाठी खुले होते आणि गर्दी वाढते, म्हणून पूजेच्या वेळेतच जायचे ठरले होते. आम्ही उठलो. या वेळी मी त्यांना आधी मागे हस्तिशाळेत नेले.